क्रिस्पिनला मी काय म्हणालो

मंगळवारी सकाळी सिंगापूरच्या आंग मो किओ स्टेशनाबाहेर कंपनीच्या बसच्या रांगेत उभा होतो, तेवढ्यात मराठी मंडळाच्या ग्रुपवर आमचे सेक्रेटरी दिलीपराव यांचा निरोप टपकला. "आनंदाची बातमी! शनिवारच्या दिवाळी फराळाला प्रमुख पाहुणे म्हणून फिलिपीन्सचे सिनेटर माननीय क्रिस्पिन बालानाय येत आहेत. आपल्या उद्धव करंबेळकरांचे एकेकाळचे रूम-पार्टनर! पाहुण्यांची ओळख करून देईल कुमारी इरा उद्धव करंबेळकर." खाली पणत्या, टाळ्या, नमस्कार, आणि कोणीतरी उगाचच एक केक. मी ते तीनदा वाचलं. बस आली, दार उघडलं, माझ्यापुढची माणसं चढली, ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं, दार मिटलं आणि बस निघून गेली. इतक्या वर्षांत माझी बस कधी चुकलेली नाही. मी बसच्या आधी सात मिनिटं येणारा माणूस आहे, आणि शुभाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या मते माझ्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच आहे. पलीकडच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांवरून कॉफीचा आणि भाजलेल्या ब्रेडचा वास येत होता. मी घाबरलो होतो आणि गंमत म्हणजे त्याच वेळी मला हसूही येत होतं. क्रिस्पिन येतोय! सतरा वर्षांनी! लेकाचा सिनेटर झाला आणि चकल्या खायला चोआ चू कांगच्या हॉलवर येतोय!

आता यात घाबरण्यासारखं काय, असं कोणालाही वाटेल. तर सांगून टाकतो. गेली बारा वर्षं मी या मंडळाला, शुभाला आणि मुख्य म्हणजे माझ्या मुलीला एक गोष्ट सांगत आलोय. गोष्ट अशी, की मी आणि क्रिस्पिन लग्नाआधी दोन वर्षं यिशुनच्या एका फ्लॅटमध्ये एकत्र राहत होतो, दोघंही एकाच कारखान्यात, क्वालिटी खात्यात. एक दिवस त्याच्या बेटावरून फोन आला, की गावाला कौन्सिलवर तू हवायस, आत्तापासून ये, कामाला लाग, पुढच्या निवडणुकीत उभं करू. इकडे त्याची बढती ठरलेली, पीआरचा, म्हणजे सिंगापुरात कायम राहायचा, फॉर्म भरून टेबलावर तयार. तो मला म्हणाला, "उद्धव, काय करू?" आणि मी म्हटलं, "जा." मग तो गेला, कौन्सिलर झाला, मेयर झाला, गव्हर्नर झाला आणि यंदाच्या मे महिन्यात सिनेटर. गोष्ट झकास आहे, आणि जवळजवळ सगळी खरी आहे. फक्त मी त्याला जा म्हटलं नव्हतं. जाऊ नकोस म्हटलं होतं. नुसतं म्हटलं नव्हतं, लिहून दिलं होतं.

पुढची बस यायला वीस मिनिटं होती. मी तिथल्या बाकावर बसलो आणि डोळ्यांसमोर आलं ते यिशुनचं स्वयंपाकघर. अरुंद, पिवळ्या टाइल्सचं, खिडकीतून समोरच्या ब्लॉकचे वाळत घातलेले कपडे दिसायचे. क्रिस्पिन गॅसपाशी उभा राहून सुकी मासळी तळतोय आणि गातोय. तो कायम गायचा. आंघोळ करताना, इस्त्री करताना, मशीनवर सर्किट बोर्ड तपासतानासुद्धा. मासळीचा वास पडद्यांत बसायचा, माझ्या शर्टात बसायचा; पहिले दोन महिने मी नाकाला रुमाल लावून त्याला शिव्या घालत असे, आणि तिसऱ्या महिन्यात कधीतरी माझं माझ्याच लक्षात आलं की कामावरून येताना लिफ्टमध्येच मी तो वास शोधतोय. आला, की बरं वाटायचं. म्हणजे तो घरी आलाय. मी भात लावायचो, तो मासळी तळायचा, मी माझ्या भातावर वरण घ्यायचो, आणि मग तो बेटाबद्दल बोलायला लागायचा. त्याचं लहानपण मला माझ्या लहानपणापेक्षा जास्त पाठ आहे. धनकवडीतल्या माझ्या लहानपणात आहे काय? शाळा, क्लास, पुन्हा शाळा. त्याचे वडील फेरीबोटीवर आचारी. हा सात वर्षांचा असल्यापासून धक्क्यावर उभा राहून बोटींची नावं आणि वेळा ओरडून सांगायचा, कारण तिथे वाचता येणारे लोक कमी आणि फलक लावायचा कंटाळा सगळ्यांना. पैसे कोणी देत नसे. मग कशाला ओरडायचास, मी विचारलं. तो म्हणाला, "अरे, म्हाताऱ्या बायका चुकीच्या बोटीत बसायच्या ना!" त्याला ते इतकं स्वाभाविक वाटायचं की पुढे काही विचारायला मलाच लाज वाटली.

आणि शाळेच्या छपराची गोष्ट. ती तर मी इराला झोपवताना सांगायचो, पऱ्या-बिऱ्या सोडून. वादळात शाळेचं छप्पर उडालं. मुलं उन्हात बसायची, पाऊस आला की सुट्टी. अकरा वर्षांच्या क्रिस्पिनने मेयरला पत्र लिहिलं. उत्तर नाही. पुढच्या आठवड्यात दुसरं लिहिलं. दर सोमवारी एक, अशी बावीस पत्रं झाली. तेविसाव्या सोमवारी मेयर स्वतः शाळेत आला, लालबुंद चेहऱ्याने, आणि सगळ्या वर्गासमोर ओरडला, की कोण तो पत्र लिहिणारा, बंद कर! हे सांगताना क्रिस्पिनचे डोळे चमकायचे. "त्या दिवशी मला कळलं, पारे," तो म्हणायचा, त्यांच्याकडे दोस्ताला पारे म्हणतात, "मला कळलं की माणूस येतो. ओरडायला का होईना, येतो. आणि एकदा आला की त्याला वर बघावंच लागतं. वर छप्पर नव्हतं." छप्पर महिन्याभरात झालं. मी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा वरण गार झालं होतं आणि मी हातात तसाच घास धरून बसलो होतो. मला वाटलं होतं, हा माणूस कारखान्यात काय करतोय?

हे मला तेव्हाच वाटलं होतं, हे महत्त्वाचं आहे. म्हणजे मला कळत नव्हतं असं नाही. दर रविवारी तो ऑर्चर्ड रोडच्या एका मॉलच्या पायऱ्यांवर बसायचा आणि घरकाम करणाऱ्या त्याच्या देशाच्या बायकांना अर्ज लिहून द्यायचा. कोणाची सुट्टी मिळत नाही, कोणाचा करार संपलाय. मी एकदा त्याला शोधत गेलो तर समोर चाळीस बायकांची रांग, आणि हा प्रत्येकीला आधी जेवलीस का विचारतोय. हॉकर सेंटरच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला त्याला अर्धा तास लागायचा, कारण वाटेत आठ जणांची विचारपूस. मला राग यायचा. मी ट्रे हातात घेऊन उभा, आणि हा नूडलवाल्याच्या सासूच्या गुडघ्याची चौकशी करतोय. पण राग यायचा तो कसला, हे आता सतरा वर्षांनी बसस्टॉपच्या बाकावर बसून नीट बघितलं तर वेगळंच दिसतं. मी त्याच्याबरोबर जेवायला आलेलो असायचो आणि त्याला सगळे हवे असायचे. एवढं साधं आहे ते.

मग तो फोन आला, आणि एका रविवारी दुपारी त्याने मला विचारलं. खरं म्हणजे त्याचं ठरलेलं होतं. चेहऱ्यावरच दिसत होतं. त्याला फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं. आणि मी काय केलं? मी क्वालिटीचा तक्ता काढला. आमच्या खात्यात असा एक तक्ता असतो. एखादा भाग कशाकशाने बिघडू शकतो ते एकाखाली एक लिहायचं. बिघडला तर किती वाईट, बिघडायची शक्यता किती, आणि बिघडतोय हे आधी कळणं किती अवघड, तिन्हींना एक ते दहा आकडे द्यायचे, गुणाकार करायचा. शंभराच्या वर गेला की लाल पेन. माणूस सर्किट बोर्ड नसतो, हे त्या दुपारी मला सुचलं नाही. निवडणूक हरेल. नोकरी परत मिळणार नाही. लोक विसरतील. खोटा खटला होईल. मित्र उलटतील. गोळी घालतील. सुरेख अक्षरात एकोणीस धोके लिहिले मी, एकूण एक लाल. आणि शेवटी तोंडी जोडलं ते आमच्या घरचं ठेवणीतलं वाक्य : राजकारण आपल्यासारख्यांचं काम नव्हे. हे वाक्य माझे वडील म्हणत, काका म्हणत, आमच्या अख्ख्या सोसायटीत प्रत्येक जण म्हणत असे, आणि मग सगळे मिळून रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल बोलत. क्रिस्पिनने तक्ता वाचला. पूर्ण वाचला, वरपासून खालपर्यंत. म्हणाला, "थँक यू, पारे," घडी घालून खिशात ठेवला, आणि पीआरचा फॉर्म मात्र टेबलावरच राहिला. मी त्याच्याशी अबोला धरला. बत्तीस वर्षांचा घोडा मी, आणि अबोला! सहा दिवस एकाच स्वयंपाकघरात भात आणि मासळी आणि एक शब्द नाही. तो मात्र गातच होता, जरा हळू. शनिवारी त्याचं विमान होतं. मी विमानतळावर गेलो नाही. कारखान्यात ओव्हरटाइम मागून घेतला. घरी आलो तर लिफ्टमध्ये वास नव्हता.

ही झाली खरी हकीकत. मग 'जा' कुठून आलं? २००४ साली आमच्या लाइनवरच्या एका फिलिपिनो टेक्निशियनने सांगितलं, की आपला क्रिस्पिन मेयर झाला. मला इतका आनंद झाला की मी त्याच रविवारी मंडळाच्या सहलीत, समुद्रावर, सगळ्यांना छपराची गोष्ट सांगितली, पत्रांसकट. लोक रंगून ऐकत होते. दिलीपरावांनी विचारलं, "मग त्याने तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हटलं, जा." मी ठरवून खोटं बोललो नाही हो. त्या क्षणी मला ते अगदी मनापासून म्हणावंसं वाटलं, पाच वर्षं उशिरा. बायका म्हणाल्या, वा! मांडीवर तीन वर्षांची इरा होती, तिने टाळ्या वाजवल्या. मग ते परत कसं घ्यायचं? दुसऱ्या वर्षी कोणीतरी म्हणालं, उद्धव, ते सांग ना. मी सांगितलं. पुढे मी त्यात थोडं मीठमसाला घातला, विमानतळावरही गेलो, तिथे मिठी मारली. कधीकधी मला ती मिठी आठवतेसुद्धा.

मंडळाचं सोडा. मंडळासमोर तोंडघशी पडलो असतो तर चार दिवस लोक हसले असते आणि पाचव्या दिवशी दुसरा कोणी सापडला असता. प्रश्न इराचा होता. ही मुलगी पाच वर्षांची असताना पोहण्याच्या तलावाच्या काठावर थरथरत उभी होती, आणि उडी मारायच्या आधी मोठ्याने म्हणाली होती, "बाबा टोल्ड क्रिस्पिन, गो!" आणि मारली. शाळेच्या वादविवाद संघाच्या निवडीला जाताना तेच. गेल्या वर्षी 'माझ्या माहितीतला शूर माणूस' असा प्रोजेक्ट होता. वर्गाने अग्निशमन दलातले जवान आणले, हिने मला नेलं. लिहिलं होतं, की जो जातो तो शूर असतोच, पण जो आपल्या माणसाला जा म्हणतो तो जास्त शूर. शिक्षिकेने खाली लिहिलं, व्हेरी ट्रू. तो कागद आमच्या फ्रिजवर आहे. मी रोज सकाळी दूध काढताना तो वाचत नाही. आणि आता ही पंधरा वर्षांची पोर शनिवारी माइकसमोर उभी राहून तेच वाक्य त्या माणसाच्या तोंडावर म्हणणार, ज्याला खरं काय ते पुरतं माहीत आहे. तो काही बोलणार नाही, तो सज्जन आहे. फक्त माझ्याकडे बघेल. आणि इरा हुशार आहे. ती त्याच्याकडे बघेल आणि मग माझ्याकडे.

तेव्हा ठरवलं की तिला आधी सांगायचं. बुधवारी सांगायचं ठरवलं, तर ती ट्यूशनहून दमून आली. गुरुवारी शुभाच्या करंज्या चालल्या होत्या आणि मला सारण भरायला बसवलं, शुभा म्हणाली, "अरे, किती गप्प आहेस? तुझा क्रिस्पिन येतोय ना? नाचायला हवंस तू!" मी म्हटलं नाचतोय, मनातल्या मनात, आणि ते खरंच होतं. हेच मला या आठवड्याचं कळत नव्हतं. रात्री झोप नीट लागत नव्हती, आणि तरी सकाळी दाढी करताना मी त्याचं ते जुनं गाणं गुणगुणत होतो, शब्द येत नसताना. शुक्रवारी संध्याकाळी इरा स्वतःच माझ्या खोलीत आली, हातात छोटी कार्डं. म्हणाली, "बाबा, एक चेक करायचंय. एक्झॅक्टली काय म्हणालास तू? फक्त 'गो', की 'जस्ट गो'?" हीच वेळ होती. तिचे केस ओले होते, कार्डांवर तिने जांभळ्या पेनाने खुणा केल्या होत्या, कुठे थांबायचं त्याच्या. मी तोंड उघडलं. आणि म्हणालो, "'जस्ट' नको." ती म्हणाली, "ओके," आणि खूण केली. दार लावून ती गेल्यावर मी स्वतःला आरशात बघून म्हणालो, शाबास रे वाघा!

शनिवारी चार वाजता चोआ चू कांगच्या कम्युनिटी क्लबचा हॉल भरला. दीडशे माणसं, पैठण्या, झब्बे, चिवड्याचा आणि अत्तराचा वास, पोरांची पळापळ. दिलीपराव हार घेऊन दारात. मी खांबाआड. क्रिस्पिन आला तो एकाच सहायकाबरोबर, साध्या पांढऱ्या शर्टात, आणि दारातून स्टेजपर्यंत यायला त्याला बरोबर पंचवीस मिनिटं लागली. झाडूवाल्या काकांशी बोलला. चकलीच्या टेबलापाशी बायकांना विचारलं की याला काटे कसे पाडता. एका रडणाऱ्या बाळाला कडेवर घेतलं, ते गप्प झालं, मग त्याची आईच रडायला लागली कौतुकाने. दिलीपराव हार सांभाळत त्याच्या मागे मागे. आणि मी खांबाआडून बघत होतो, आणि मला, काय सांगू, इतका आनंद होत होता की भीती, खोटं, इरा, सगळं दोन मिनिटं विसरलो. तोच होता. पोट सुटलं होतं, कानशिलं पिकली होती, पण तोच. सासूच्या गुडघ्याची चौकशी करणारा. मग त्याने मला बघितलं. "पारे!" असा ओरडला की माइकची गरज लागली नसती. "तुझे केस कुठे गेले?" "तुझं पोट बघायला पुढे आले असतील," मी म्हटलं, आणि त्याने मला असं आवळलं की चष्मा वाकडा झाला. या वेळी खरोखर. त्याच्या शर्टाला इस्त्रीचा वास होता, मासळीचा नाही.

मग सगळे बसले आणि इरा माइकपाशी गेली. निळा अनारकली, शुभाचे झुमके. सुंदर बोलत होती. बोटींची नावं ओरडणारा मुलगा, बावीस पत्रं, छप्पर. क्रिस्पिन थक्क होऊन ऐकत होता; त्याला काय माहीत की त्याचं लहानपण आमच्या घरी झोपताना सांगतात. लोक हसले, टाळ्या झाल्या. तिने कार्ड बदललं. "अँड देन, वन संडे आफ्टरनून," ती म्हणाली, "ही आस्क्ड माय फादर." इथे जांभळी खूण होती, ती थांबली. माझ्याकडे बघून हसली. आणि मी उभा राहिलो. ठरवलं वगैरे नव्हतं. पाय उभे राहिले. मी म्हणालो, "इरा, थांब. पुढचं वाचू नकोस. ते खोटं आहे."

हॉलमध्ये एक पोरगं पळत होतं, त्याच्या बुटांचा आवाज फक्त येत होता. मग मी बोललो, मराठीत अर्धं आणि इंग्रजीत अर्धं, जसं येईल तसं. म्हणालो, मी याला जा म्हटलं नाही. जाऊ नकोस म्हटलं. तक्ता करून दिला, एकोणीस धोके, सगळे लाल. मग अबोला धरला आणि विमानतळावर गेलो नाही. बारा वर्षं तुम्हा सगळ्यांना खोटं सांगितलं, कारण मला तसं म्हणायला हवं होतं. शुभाच्या हातात करंज्यांचं ताट होतं. ती ते ताट घेऊन तशीच उभी होती. इराकडे बघायचं धाडस होईना, म्हणून मी क्रिस्पिनकडे बघितलं. तो उठला. माइकपाशी गेला, इराच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "पारे, विमानतळावर का नाही आलास?" दीडशे लोक आणि हा मला हे विचारतोय! माझा एकदम संताप झाला. "रडलो असतो म्हणून, गाढवा!" मी ओरडलो. "त्या फ्लॅटमध्ये मला एकटं राहायचं नव्हतं!"

तो लोकांकडे वळला. म्हणाला, "तो तक्ता फेरीबोटीत भिजला आणि गेला. पण मला पाठ आहे. एकोणीसपैकी बारा गोष्टी झाल्या. दोनदा हरलो. खोटा खटला झाला. मित्र उलटले, कोण ते उद्धवने नावासकट लिहिलं असतं तर बरं झालं असतं." लोक हसायला लागले. "गोळीसुद्धा झाडली, गाडीच्या काचेला लागली. आठवा धोका. बाकीचे सात राहिलेत, अजून वय आहे माझं." आता मात्र हॉल खदखदत होता, दिलीपराव हाराने डोळे पुसत होते. "पण एक सांगतो," क्रिस्पिन म्हणाला, "त्या वेळी अख्खं बेट मला ये, ये म्हणत होतं. कोणालाच माझ्यासाठी भीती वाटत नव्हती. एकच माणूस असा निघाला की जो माझ्यासाठी एकोणीस वेळा घाबरला. तो कागद खिशात घेऊन मी विमानात बसलो तेव्हा मला वाटलं, आपण कोणीतरी आहोत." आणि मग माइकवरच तो ते जुनं गाणं गायला लागला, बेसूर, आणि शुभाने ताट खाली ठेवलं आणि टाळी धरली, आणि मी तिथे उभा राहून दीडशे मराठी माणसांसमोर हसत हसत रडलो.

नंतर फराळ झाला. क्रिस्पिनने सात करंज्या खाल्ल्या, मोजणाऱ्या बायकांनी मोजल्या. लोक माझ्या पाठीवर थापा मारत होते, काही जण "काय हो करंबेळकर, बाकी अजून काय काय खोटं आहे?" असंही विचारत होते, आणि मी सगळ्यांना हसून उत्तरं देत होतो. इरा माझ्याशी बोलत नव्हती. ती पाहुण्यांना पाणी देत होती, लहान मुलांचे फोटो काढत होती, आणि मी जिकडे जाईन तिकडून दुसरीकडे जात होती. माझा सगळा आनंद तिथे येऊन थांबत होता. सहाच्या सुमाराला निघालो. क्रिस्पिनला घरी जेवायला यायचंच होतं. तो आणि शुभा पुढे चालले होते, तो तिला वरण कसं करतात ते विचारत होता. एमआरटी स्टेशनकडे जाणाऱ्या छप्पर घातलेल्या वाटेवर मी मागे राहिलो, आणि इरा माझ्याही मागे, झुमके काढून हातात घेतलेले. मी चाल हळू केली. तिनेही केली. मग मी थांबलोच.

"बाबा," ती म्हणाली, आणि चिडली की येतं तसं इथलं 'लाह' तिच्या तोंडी आलं, "यू मेड मी स्टँड देअर, लाह. माझ्या हातात कार्ड होतं. सगळे माझ्याकडे बघत होते."

"हो," मी म्हटलं. "चुकलंच माझं."

"काल मी तुला विचारलं होतं. तुझ्या खोलीत. कोणी नव्हतं. घरी का नाही सांगितलंस? इथे एवढ्या सगळ्या लोकांसमोर का?"

समोरून सायकलवर एक आजोबा आले, आम्ही दोघंही बाजूला झालो. उन्हं अजून होती. मला उत्तर शोधावं लागलं नाही.

"लोकांसमोर सोपं होतं, इरा," मी म्हणालो. "घरी फक्त तू होतीस."

तिने ते झुमके माझ्या खिशात टाकले, हरवू नको म्हणाली, आणि माझा हात धरून मला पुढे ओढायला लागली.